ग्रीकबाईची सहाशे पावलं

ग्रीकबाईला राग यायचा तो अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांचा. रोज यायचा. सकाळी डबा घ्यायला ती आमच्या दारात उभी राहिली की तिच्या कपाळावरूनच मला कळायचं, आज पुन्हा कुणीतरी काहीतरी केलेलं आहे. "काय झालं?" म्हणून विचारलं तर म्हणायची, "काकू, या लोकांनी काय केलं माहीत आहे का?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हे लोक शेजारच्या ब्लॉकमधले असावेत. मी दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "कोण? खालचे का?"

"ग्रीक!" ती म्हणाली. "लग्न झालेल्या बाईने शर्यत नुसती बघितली तरी तिला कड्यावरून ढकलायचे. कायदाच होता तसा."

मी तिला डबा दिला. दुसरं काय करणार?

मुलाची नोकरी सिंगापूरला, सूनही नोकरी करते, म्हणून नात सांभाळायला मला बोलावून घेतलं होतं. बुकित बातोकला आठव्या मजल्यावर आमचा भाड्याचा फ्लॅट. त्याच मजल्यावर चार दारं सोडून एका चिनी आजीबाईंकडे ही खोली घेऊन राहायची. मूळची पुण्याची, चौतीस-पस्तीसची, अंगाने काटकुळी. इथल्या विद्यापीठात दोन वर्षांसाठी संशोधनाला आलेली, आणि संशोधन कसलं, तर जुन्या काळचे ग्रीक लोक कसे धावायचे त्याचं. इथली मराठी माणसं तिला पाठीमागे ग्रीकबाई म्हणत. मी तोंडावर नुसतं बाई म्हणायची. आमच्या शाळेत शिकवणाऱ्याला बाईच म्हणत. ती म्हणायची, "काकू, मी तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे. नावाने हाक मारा." पण माझी जीभ काही वळली नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली, आणि ती अशी भाषा वाचणारी जी आता कुणी बोलतही नाही.

माझ्या हाताला दहा-बारा पोळ्या लाटायची सवय आणि घरात खाणारे तीन-चार. उरलेल्या पोळ्या ती न्यायची. भाजी न्यायची, आणि लसणाची चटणी तर मागून न्यायची. म्हणायची, "ग्रीकांच्या पैलवानांना ही चटणी मिळाली असती तर आणखी दोनशे वर्षं टिकले असते." डबा परत करताना तो कधी रिकामा आला नाही. त्यात एक गोष्ट असायची.

तिच्या गोष्टी मला आवडायच्या, पण लाजही वाटायची. त्यांचे पुरुष अंगाला तेल चोळून नागडे धावायचे, हे तिने मला कोथिंबीर निवडताना सांगितलं. मी पदर तोंडाला लावला. ती म्हणाली, "लाजताय काय? पुढे ऐका. एका आईला आपल्या मुलाची स्पर्धा बघायची होती. बायकांना बंदी. मग ती पुरुषाचा वेष घेऊन, मुलाचा गुरू म्हणून आत शिरली. मुलगा जिंकला, तशी आनंदाने कुंपणावरून उडी मारून धावली, आणि कपडा सुटला."

"अगं आई! ढकललं का मग?"

"नाही. तिचा बाप, भाऊ, मुलगा सगळे जिंकलेले, मोठं घराणं. म्हणून सोडलं. पण दुसऱ्या दिवसापासून नवा कायदा. मुलांच्या गुरूंनीही नागडंच यायचं!" आणि ती हसली. तिचं हसणंही रागाचंच असायचं, नाकातून. "एक बाई मुलाला बघायला आली, तर यांनी सगळ्या म्हाताऱ्यांचे कपडे काढले. पण बाईला दार उघडायचं काही सुचलं नाही."

तिला कुणी "याला स्कोप काय?" म्हणून विचारलं की संपलं. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना हा प्रश्न फार आवडायचा. पुण्या-मुंबईचे इंजिनियर, मॅनेजर, त्यांना प्रत्येक गोष्टीचा स्कोप लागतो. ती म्हणायची, "धावण्याला स्कोप नसतो हो, अंतर असतं. ते पार करायचं." मग माणूस हसायचा आणि बायकोला म्हणायचा, चल, समोसे संपतील. ते हसणं मी पाहिलेलं आहे. मलाही ते तसंच हसतात, पण माझ्याकडे न बघता.

मी धावते, हे तिने कसं शोधलं ते सांगते. एकदा ती डबा विसरून गेली. खाली बस स्टॉपवर उभी असलेली मला वरून दिसली. लिफ्टने उतरले, तर बस लांबून येत होती. मी साडी वर खोचली, चपला तिथेच काढल्या आणि डबा हातात घेऊन पळाले. मधे कार पार्क, गवताचं मैदान, मग रस्ता. बस आली तेव्हा मी तिथे उभी होते. तिने डबा घेतला नाही. बस सोडून दिली आणि माझ्या पायांकडे बघत राहिली.

"काकू, तुम्ही धावलात कशा?"

"पायांनी," मी म्हणाले.

मग तिने खोदून खोदून विचारलं. मी सांगितलं, शाळेत असताना धावायची. शाळा गावाच्या त्या टोकाला, पाटी छातीशी धरून धावायची. वर्गात सगळ्यांच्या पुढे पोहोचायची, मुलांच्याही. चौथीनंतरची शाळा पुढच्या गावात होती, मधे दीड कोस. वडील म्हणाले, मुलीला एवढं लांब नको. मी म्हणाले होते, मी पळत जाईन. तर म्हणाले, तेच नको.

तिचं कपाळ तेवढं तसं झालं, ग्रीकांच्या वेळी व्हायचं तसं. माझ्या वडिलांचा असा राग कुणी केलेला मी पहिल्यांदा पाहिला. मी स्वतःही कधी केला नव्हता. बरंही वाटलं आणि भीतीही वाटली, कारण वडील चांगले होते.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मुलीही धावायच्या. ग्रीकांच्या. मी तेच शोधते आहे." त्यांचा मोठा देव झ्यूस, त्याची बायको हेरा. तिच्या उत्सवात मुलींच्या शर्यती व्हायच्या. केस मोकळे सोडलेले, कपडा गुडघ्याच्या वर, उजवा खांदा उघडा. वयाप्रमाणे तीन गट, सगळ्यांत लहान आधी. हे सगळं चालवायला सोळा बायकांची कमिटी. मला ती सोळा बायकांची कमिटी फार आवडली. मी विचारलं, जिंकलेल्या मुलीला काय द्यायचे? म्हणाली, ऑलिव्हच्या पानांचा मुकुट. आणि प्रसाद? त्यावर ती अडखळली. "ते राहू द्या, काकू." पुढे कधीतरी तिने स्वतःच सांगितलं की देवीपुढे गाय कापत आणि त्यातला वाटा मुलीला देत. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तेवढं सांगितलं नव्हतं," म्हणाली. मी म्हणाले, वाईट माझं मला वाटू द्या ना. ती हसली. तेव्हा मीही हसले. आता ते आठवलं की हसू येत नाही.

पण तिचा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर होता. पुरुष धावायचे ते अंतर सहाशे पावलं, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून मोजलेली. कुणा दांडग्या देवमाणसाने आपल्या पावलांनी मोजलं होतं म्हणे. त्या अंतराचं जे नाव, त्यावरूनच आपण स्टेडियम म्हणतो. आणि मुलींना त्याच जागी धावायला दिलं, पण सहावा हिस्सा कापून. पाचशेच.

"का?" मी विचारलं.

"का कुठे लिहिलंय? कुणाला लिहावंसंच वाटलं नाही!" तिने टेबलावर हात आपटला, नात दचकली. "पाचशे पावलं धावणारी मुलगी आणखी शंभर धावणार नाही? तिथे पोहोचून तिचे पाय काय गळून पडणार होते? तिला विचारलं का कुणी? तिच्या काळजीपोटी कापलं असेल. काळजी! काकू, कुणी तुमच्या काळजीने तुमचं काही कापायला लागलं ना, तर आधी त्याचा हात धरा."

हे तिचे शब्द. मी ते विसरले नाही. तीच विसरली.

मग आम्ही रोज सकाळी खालच्या मैदानावर जायला लागलो. नात बालवाडीत गेली की. तिथे चिनी बायका हात वरखाली करून व्यायाम करायच्या, त्या आमच्याकडे बघायच्या. बाई म्हणाली, सहाशे पावलं मोजायची, पण कुणाची? ग्रीक वीर काही आणता येणार नाही. "धावणार तुम्ही, तर पावलं तुमची." तसं मोजायला मला येत होतं. आमच्याकडे खळं, ओटा, सगळं वडील तसंच मोजत, टाचेला अंगठा लावून, आणि मी मागून मोजत यायची. मी मोजत गेले, ती बाजूने आकडे म्हणत आली. सहाशेला तिने जमिनीत काडी रोवली. त्या काडीकडे बघून मला वाटलं, हे तर फारच लांब आहे.

पहिल्या दिवशी साडेतीनशेला बसले. महिन्याने साडेचारशे. सूनबाईने कॅनव्हासचे बूट आणले, पंजाबी ड्रेस दिला. मुलगा म्हणाला, "आई, तुला बीपीची गोळी आहे. आणि लोक काय म्हणतील?" मी काही बोलले नाही. मी कधीच काही बोलत नाही. पण दुसऱ्या दिवशी गेले.

ती शिट्टी वगैरे वाजवायची नाही. ग्रीकांत लवकर सुटणाऱ्याला वेताने मारत म्हणे. मी लवकर सुटले की ती नुसती भुवई उडवायची, आणि मला तो वेतच लागायचा. ती स्वतः धावायची नाही. तिच्या गुडघ्यात काहीतरी होतं. या शर्यती जिथे व्हायच्या ते ग्रीसमधलं ऑलिम्पियाचं मैदानही तिने कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, सगळं वाचलेलं. मला याचं नवल वाटायचं. मग वाटायचं, म्हणून तर तिला एवढा राग येतो. जी गोष्ट आपली आपल्याला करायला मिळत नाही, तिचाच.

त्या वर्षी मंडळाची सहल ईस्ट कोस्टला ठरली, समुद्राकाठच्या बागेत. सेक्रेटरींच्या कॉन्डोत, म्हणजे महागड्या सोसायटीतल्या त्यांच्या घरी, मीटिंग होती. खेळ कोण घेणार, म्हणून बाईला बोलावलं, आणि चहा-पोह्यांना हात लावायला तिने मला नेलं. सेक्रेटरी हातात फोन धरून यादी वाचत होते. "जेन्ट्सची रेस. किड्सची रेस. लेडीजसाठी लिंबू-चमचा."

"पुरुषांसाठी का नाही लिंबू-चमचा?" बाईने विचारलं.

"मॅडम, जेन्ट्स कुठे लिंबू घेऊन पळणार?" सगळे हसले. बायकाही हसल्या.

"मग बायकांनी का पळायचं?"

"ट्रॅडिशन आहे हो! मजा येते. शिवाय सेफ. कुणी पडलं-बिडलं तर?"

"लिंबू पडलं तर चालतं, बाई पडली तर नाही?"

"मॅडम, फॅमिली पिकनिक आहे, ऑलिम्पिक नाही."

"ऑलिम्पिकमध्येही हेच म्हणत होते," ती म्हणाली. मग उभी राहिली. "बायकांची रेस होईल. पुरुषांएवढीच. एक पाऊल कमी नाही. तीन गट करू, मुली, तरुण, चाळिशीच्या पुढच्या. सहाशे म्हणजे सहाशे."

"चाळिशीच्या पुढचं कोण धावणार आहे?" सेक्रेटरींनी खोलीभर नजर फिरवली. सगळ्या बायका आपापल्या कपात बघायला लागल्या. बाईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने पाहिलं असतं तर मी स्वयंपाकघरात पळाले असते. ट्रे हातात होता, कप वाजत होते. मी म्हणाले, "मी धावीन."

आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोलले ते हे. मग आणखी एक बाई म्हणाली, मग मीही. मग आणखी तिघी. सेक्रेटरी म्हणाले, "ओके ओके, ठेवू या. पण नंतर कम्प्लेंट नको."

घरी येताना एमआरटीच्या गाडीत ती माझा हात धरून बसली होती. बुकित बातोक येईपर्यंत हात सोडला नाही.

सहलीच्या दिवशी आम्ही दोघी सगळ्यांच्या आधी पोहोचलो. समुद्रात जहाजं रांगेने उभी होती. गवतावर मी मोजलं, अनवाणी, टाचेला अंगठा लावून, सहाशे. एका टोकाला दोन खुंट्या ठोकून आडवी दोरी बांधली, दुसऱ्या टोकाला दोन झेंडे. मुकुटासाठी ऑलिव्ह कुठून आणणार? आमच्या दारातल्या कुंडीतल्या कढीपत्त्याच्या डहाळ्या तिने तारेला गुंडाळल्या होत्या. तीन मुकुट बायकांचे, एक पुरुषांचा. दुसऱ्या नंबराला काही नाही. सेक्रेटरी म्हणाले, अहो, निदान चॉकलेट तरी. ती म्हणाली, ग्रीकांत दुसरा नंबर नव्हताच.

पुरुष धावले. सेक्रेटरी अर्ध्यात पोटऱ्या धरून बसले. मुली धावल्या, तरुण बायका धावल्या. आमचा गट शेवटी. मी पाणी पिऊन, बुटाच्या नाड्या बांधून आले, तर सुटायची दोरी पुढे सरकलेली दिसली. बाई खुंटी ठोकत होती. "तिथे पायांनी चिखल झालाय, काकू. पुढे घेतली." मी बरं म्हणाले. झेंडेही पुढे घेतले असतील, असं धरून चालले. तिच्यावर विश्वास ठेवायला मला विचार करावा लागत नव्हता.

आम्ही पाचजणी होतो. मला एवढंच आठवतं की कानात वारा होता आणि नात इथल्या मुलांसारखा 'ला' लावून ओरडत होती, "आजी, फास्टर ला! फास्टर!" झेंडे फार लवकर आले. मी पहिली आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मुलाने फोटो काढले, सून रडली. बाईने माझ्या डोक्यावर तो कढीपत्ता ठेवला. तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही.

लोक जेवायला बसले. मला जेवण जाईना. अंगात अजून धाव शिल्लक होती. मैदानावर रोज धावून अंगाला अंतर कळतं, ते कुणी शिकवावं लागत नाही. मी बूट काढले, झेंड्यांपासून उलटी निघाले, टाचेला अंगठा लावत. कुणी विचारलं, काकू काय हरवलं? मी म्हणाले, कानातलं. मोजत गेले. पाचशेला पाय दोरीला लागला.

परत मोजलं असतं, पण गरज नव्हती. तसंच पुढे गेले. शंभरावर पहिल्या खुंट्यांची दोन भोकं गवतात होती. तिथली माती कोरडी होती. हात लावून पाहिला. चिखल कुठेच नव्हता.

समुद्राकडे तोंड करून मी तिथे उभी राहिले. मला राग येत होता आणि रागाचं काय करायचं असतं ते मला येत नव्हतं. सेक्रेटरींनी कापलं असतं तर मी सोडून दिलं असतं. मुलाने कापलं असतं तरी. वडिलांनी कापलं ते मी चाळीस वर्षं सोडूनच दिलं होतं. पण हिने! जी टेबलावर हात आपटून म्हणायची की त्या मुलीला विचारलं का कुणी, तिने मला विचारलं नाही. एक वाक्य विचारायचं होतं. काकू, जमेल ना? मी नाही म्हणाले असते किंवा हो म्हणाले असते. आणि वर मुकुट. कमी धावलेल्या बाईच्या डोक्यावर मुकुट ठेवून टाळ्या. मला ती सगळी माणसं लिंबू-चमच्याच्या वेळी हसणाऱ्या माणसांसारखीच दिसायला लागली. आणि तीही त्यांत.

दुसऱ्या दिवशी तो कढीपत्ता मी ओरबाडून आमटीत घातला. तार कचऱ्यात टाकली.

तिला मी काही बोलले नाही. मला बोलता येत नाही, तर काय बोलणार? डबा बंद केला नाही. उपाशी ठेवणं आपल्यात बसत नाही. पण चटणी बंद केली. पहिल्या दिवशी तिने डब्याचं झाकण तिथेच उघडून पाहिलं, बंद केलं आणि थँक्यू म्हणून गेली. चटणी मागणारी बाई ती, त्यानंतर तिने कधी मागितली नाही. त्यावरून मला कळलं की तिला कळलं आहे. तरी बोलली नाही. गोष्टीही बंद झाल्या. डबा रिकामा यायला लागला. मी सकाळी मैदानावर जायची थांबले. ती एकदा म्हणाली, "पाय दुखतात का?" मी हो म्हणाले.

दोन महिने असेच गेले. मग तिची दोन वर्षं संपली. इथे राहायचा पास पुढे मिळाला नाही, विद्यापीठाला आणखी ग्रीक नको होते. निघायच्या दिवशी दुपारी ती बॅग घेऊन दारात आली. मी वाटेत खायला दशम्या बांधल्या होत्या. सोबत चटणी नव्हतीच. लिफ्टपर्यंत तिच्याबरोबर गेले.

"काकू, रागावलाय ना तुम्ही?"

मी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होते. तीन, चार, पाच. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"पाचशे होती."

तिने बॅग खाली ठेवली. "निखिलचा फोन आला होता, आदल्या दिवशी," ती म्हणाली. निखिल म्हणजे माझा मुलगा. "म्हणाला, आईला काही झालं तर? घरी कुणाला तोंड दाखवू? मी त्याला झापलं. पण त्या दिवशी ऊन चढलं, तुम्ही लाल झाला होतात, आणि मला... मी घाबरले हो, काकू. तुमच्या काळजीने..." आणि ती त्या शब्दावरच थांबली.

"त्यांनाही भीतीच वाटली असेल," मी म्हणाले.

"कुणाला?"

"तुमच्या ग्रीकांना."

लिफ्ट आली, दार उघडलं, आत कुणी नव्हतं, दार मिटलं. मेलेल्या माणसांशी रोज भांडणारी ती बाई माझ्याशी भांडली नाही. तिने नुसती मान हलवली, हो अशी. मग वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेणार होते, पण घेतले नाहीत. पडू दिलं. दुसऱ्यांदा लिफ्ट आली तेव्हा ती गेली.

त्या संध्याकाळी मी मुलाला म्हणाले, "गोळी मी घेते. पाय माझे आहेत. पुन्हा माझ्यासाठी कुणाला फोन करायचा नाही." तो बघतच राहिला. एवढी सलग तीन वाक्यं त्याने माझ्याकडून ऐकलेली नव्हती. हे मला त्या बाईनेच शिकवलं होतं, आणि त्या बाईवरच मी ते पहिल्यांदा वापरलं होतं.

पुढे तीन आठवडे मी रोज मैदानावर गेले. साडेचारशे, पाचशे, पुन्हा साडेचारशे. मग एका सकाळी सहाशे. शेवटच्या शंभरात काय असतं ते मला तेव्हा कळलं. बरगडीत कळ येते, तोंडाला लोखंडाची चव येते, पाय आपले राहत नाहीत. काही मोठं नसतं त्यात. पण ते असतं, आणि ते माझ्यापासून लपवून ठेवलेलं होतं. काडीपाशी मी गवतावर बसले. चिनी बायकांतली एक हात वरच धरून म्हणाली, "वा, ऑन्टी, स्ट्राँग ला!" टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत.

दोन वर्षांनी एका दुपारी फोनवर तिचा फोटो आला. लांबच लांब मातीचं मैदान, बाजूला गवताचा उतार, आणि जमिनीत दगडाची एक पट्टी, तिला दोन खाचा, पायाची बोटं अडकवायला. त्या खाचांत एक अनवाणी पाऊल. काटकुळं, ओळखीचं. खाली तिचा आवाज होता, दम लागलेला.

"काकू, पोहोचले एकदाची. गुडघ्याला पट्टा बांधून धावले. पूर्ण. मुलींचं नाही, सगळं. मधे दोनदा थांबले, पण पूर्ण केलं. शेवटचे शंभर तुमच्या नावाने धावले, काकू. तुमचे राहिले होते ना."

मी ते तीनदा ऐकलं. आणि मला पुन्हा तसाच राग आला, पहिल्यासारखा, कोरड्या मातीला हात लावला होता तेव्हासारखा. माझे राहिले होते, हे हिला कुणी सांगितलं? पुन्हा विचारलं नाही. पुन्हा माझं हिनेच करून टाकलं.

मला लिहायला वेळ लागतो. एक एक अक्षर शोधावं लागतं. नात म्हणाली, आजी, व्हॉइस पाठव ना, इझी ला. मी म्हणाले, नाही, लिहायचं आहे. बसून लिहिलं.

"तुमचे तुम्ही धावा. माझे मी धावले आहे. पूर्ण सहाशे."

पाठवलं. दोन निळ्या खुणा झाल्या. तिकडून काही येईना. बराच वेळ फोन हातात धरून बसले. राग होता तसाच होता, तो काही गेला नव्हता. मग खाली आणखी एक ओळ लिहिली.

"जेवलात का? चटणी पाठवायची कुठे?"